मेविसच्या घरात राहतं कोण?

आमच्या गल्लीत वसुलीवाला शिरला की आधी भिंत वाजते. कोपऱ्यावरच्या घरातून शेकोटी ढोसायच्या सळईने पहिला ठोका पडतो, मग त्याच्या शेजारचं घर, मग त्याच्या शेजारचं. आमची दगडी घरं एकमेकांच्या अंगाला अंग लावून डोंगराच्या उतारावर उभी आहेत, त्यामुळे चहाचं पाणी उकळायच्या आत निरोप दुसऱ्या टोकाला पोचतो. ठोका ऐकला की ज्याला त्याला उठून मागचं दार लावून घ्यायची घाई. एरवी ते दार सताड उघडं असतं. उगाच कडी लावून बसलात तर शेजारीण विचारायला येते, आजारी आहेस का म्हणून.

कायदाच तसा आहे. वसुलीवाल्याला तुम्ही घरात घेतलं नाही तर तो तुमच्या खुर्चीलाही हात लावू शकत नाही. दारात उभा राहील, गोड बोलेल, दटावेल, चिठ्ठी टाकून जाईल. पण एकदा का तुम्ही ‘या’ म्हणालात, किंवा दार नुसतं लोटलेलं सापडलं आणि तो आत आला, की टीव्हीपासून कपाटापर्यंत सगळं त्याच्या यादीत. हे आमच्याकडे पोरांना रस्ता ओलांडायला शिकवतात त्याच वयात शिकवतात. मेविसलाही ते पक्कं ठाऊक होतं. तरी तिने स्वतःच्या हाताने दार उघडून त्याला चहाला आत बोलावलं.

मेविस ओल्डरॉइड म्हणजे माझी भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. जन्मभर ती गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात होती. आज गावात जे कोणी नळ दुरुस्त करतात, दात उपटतात, बँकेत बसतात, त्यातल्या निम्म्यांना तिने ताटातले मटार संपवायला लावलेले आहेत. ‘पोट दुखतंय’ म्हणणाऱ्या पोराच्या डोळ्यांत ती एकदाच बघायची आणि पोरगं निमूट चमचा उचलायचं. खोटं तिला खपत नसे. मी बाजारातून आणलेला केक घरी केला म्हणून पाहुण्यांपुढे ठेवला होता, तर सगळ्यांसमोर म्हणाली, “ग्लेनिस, निदान त्याच्या बुडाचा कागद तरी काढायचास.” मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही. मग चहाची पत्ती संपली, आणि बोलावं लागलं.

तिचा नवरा हॅरल्ड जाऊन पुष्कळ वर्षं झाली. घरात एकच मोठं माणूस उरलं की आमच्याकडे घरपट्टीत चौथाई सूट मिळते. ती मेविसला मिळत होती, आणि उरलेली पट्टी ती महिन्याच्या पहिल्या तारखेला न चुकता भरत होती.

आणि मग नॉर्मन आला. म्हणजे राहायला नव्हे. तोच तर सगळा वाद.

नॉर्मन गॉकरॉजर आमच्या डोंगरावरच्या बसचा ड्रायव्हर होता. उंच, किडकिडीत, समोरच्या माणसाऐवजी त्याच्या बुटांशी बोलणारा. मेविस वर्षानुवर्षं त्याच्याच बसने शाळेत जायची. त्याची बायको गेली त्या आठवड्यात ती बसमध्ये चढली ती हातात खिमा-बटाट्याचं भांडं घेऊन, आणि तिकिटाच्या पैशांबरोबर तेही त्याच्यापुढे ठेवलं. भांडं परत द्यायला तो तिच्याकडे आला. तिने ते पुन्हा भरून दिलं. ते भांडं असं किती दिवस डोंगर चढत-उतरत होतं कोण जाणे. शेवटी दोघांच्याही लक्षात आलं की भांड्यापेक्षा नॉर्मननेच खाली येणं सोपं पडेल. तेव्हापासून तो रोज संध्याकाळी यायचा, तिच्याकडे जेवायचा, बातम्या बघायचा आणि कोट चढवून वर आपल्या खोल्यांवर निघून जायचा.

त्याचं कॉर्नेट मात्र मेविसकडेच असायचं. आमच्या गावच्या बँडमध्ये तो ते आखूड पितळी वाद्य वाजवतो, आणि वाजवतो म्हणजे असा वाजवतो की मैदानावर कुत्रीसुद्धा गप्प होतात. पण त्याच्या खालच्या मजल्यावरची नर्स रात्रपाळी करते आणि दिवसा झोपते. म्हणून रियाज मेविसच्या पुढच्या खोलीत. मला भिंतीतून फुकट ऐकायला मिळायचा, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

एका हिवाळ्यात नॉर्मनच्या घराचा नळ गोठून फुटला आणि छत खाली आलं. दुरुस्ती होईपर्यंत तो पलीकडच्या गावात बहिणीकडे राहिला. पण बहीण पत्रं हरवण्यात पटाईत, म्हणून त्याने आपलं टपाल मेविसच्या पत्त्यावर वळवलं. झालं. नगरपालिकेच्या संगणकाला वाटलं, गॉकरॉजर नावाचा गृहस्थ ओल्डरॉइडबाईंच्या घरी राहतो. तिची सूट रद्द, आणि मागे दिलेली सगळी सूट वसूल करायचं बिल दारात हजर.

मी म्हटलं, “भरून टाक आणि मोकळी हो. पेन्शन येते ना तुला.”

“भरले तर त्याचा अर्थ काय होतो, ठाऊक आहे?” ती म्हणाली.

“अर्थ काय व्हायचाय? बिल भरलं असा होतो.”

“मी त्यांना फसवत होते असा होतो. एक पेनीसुद्धा देणार नाही.”

तिने पत्रं लिहिली. त्यांची उत्तरं आली, पण भलत्याच प्रश्नांची. तिने नॉर्मनच्या बहिणीला साक्षीला नेलं, तर नगरपालिकेच्या खिडकीतल्या माणसाने त्या बहिणीच्याच घरपट्टीची चौकशी केली. पुढे बरीच वर्षं कधी सहा महिने शांत, कधी दर आठवड्याला धमकी, असं चाललं. व्याज, खर्च, कोर्टाचा कागद, सगळं त्या बिलाच्या अंगावर चढत गेलं. नवी घरपट्टी मात्र मेविस पै न पै भरत होती, पूर्ण भावाने. सूट तिने पुन्हा मागितली नाही. “आधी खोटी नाही म्हणा, मग मागेन,” एवढंच तिचं म्हणणं.

या सगळ्यात नॉर्मन काही बोलत नसे. मी एकदा तिला सरळ विचारलं, “एवढं ऐकून घेतेस त्याच्यापायी, तर त्याला राहायलाच का आणत नाहीस?”

“त्याला आपलं घर लागतं गं,” ती म्हणाली. “पुरुषांना मोकळीक लागते. तो कधी बोललाय का?”

बोलला नव्हता खरा. नॉर्मनने न बोललेल्या गोष्टींची यादी करायची तर आमचा डोंगर पुरला नसता.

शेवटी नगरपालिकेने हात टेकले आणि बिल वसुलीच्या कंपनीकडे दिलं. कंपनीने पाठवला क्रेगला.

क्रेग दिसायला दारासारखाच होता, रुंद आणि चौकोनी. पहिल्यांदा आला तेव्हा भिंती वाजल्या, सगळ्या गल्लीने कड्या लावल्या, आणि मेविसने वरच्या मजल्यावरची खिडकी उघडून डोकं बाहेर काढलं. मी माझ्या खिडकीत. हे असलं काही मी टीव्हीसाठी सोडत नाही.

“मिसेस ओल्डरॉइड?” तो खालून म्हणाला. “आपल्याला थोडं बोलायला हवं.”

“बोल की राजा. मला ऐकू येतंय.”

“आत बसून बोललो तर बरं पडेल.”

“तुला बरं पडेल. मला इथेच बरं आहे.”

“तुमचं एक जुनं बिल थकलंय.”

“थकलं असेल. एवढी वर्षं फिरतंय, बिचारं थकणारच.”

मी हसले. क्रेगने वर माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही कोण?”

“मी प्रेक्षक,” मी म्हणाले.

तो गेला, आणि काही आठवड्यांनी पुन्हा आला. मग येतच राहिला. त्याचा गुडघा दुखतो, त्याला दोन मुली आहेत, मोठीला गणित जमत नाही, हे सगळं आम्हाला खिडकीतून कळलं. मेविसने त्याला गुडघ्याला शेक कसा द्यायचा ते वरूनच सांगितलं. पण दार काही उघडलं नाही. त्याला चहा द्यायचा झाला तर टोपलीला दोरी बांधून देईन, असंही ती म्हणाली होती. दारातल्या माणसाला काही देता येत नाही, ही तिची तडफड मला दिसत होती. ज्या बाईने जन्मभर दुसऱ्यांना वाढलं, तिने एका माणसाला असं कोरडं उभं करायचं म्हणजे तिच्या जिवावर येत होतं.

मग मे महिना आला. आमच्याकडे या दिवसांत एका शुक्रवारी डोंगरातल्या गावागावांतून बँडच्या स्पर्धा होतात. बँडवाले बसमधून एका गावातून दुसऱ्या गावात जातात, रस्त्यातून वाजवत चालतात, आणि परीक्षक कुठल्यातरी खोलीत पडदे लावून बसून नुसतं ऐकतात. त्या वर्षी आमच्या बँडने जी धून निवडली होती तिच्यात मधला एकट्याने वाजवायचा तुकडा नॉर्मनचा होता. त्याच आठवड्यात, बुधवारी, क्रेग आला.

हवा भयंकर होती. वारा आडवा, पाऊस आडवा, त्यात गारा. भिंती वाजल्या, आम्ही कड्या लावल्या, मेविसने खिडकी उघडली. क्रेग खाली उभा, छत्री उलटी झालेली, आणि त्याला खोकला आला. असा की बोलताच येईना. भिंतीला हात टेकून वाकला.

“छातीतून येतोय तो,” मेविस वरून म्हणाली. “औषध घेतोस का?”

त्याने मान हलवली. बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा खोकला. पाणी त्याच्या कॉलरमधून आत चाललेलं मला माझ्या खिडकीतून दिसत होतं.

खिडकी बंद झाली. मला वाटलं, बरं झालं, जाईल आता. तेवढ्यात खाली कडी सरकल्याचा आवाज आला, आणि मेविसचा आवाज, शाळेत ज्या आवाजात ती पोरांना आत घ्यायची तोच. “ये आत, बाळा. आणि बूट पुसून ये. मी चहा टाकते.”

“मेविस!” मी खिडकीतून ओरडले. “मेविस, वेड लागलंय का तुला?”

क्रेगसुद्धा क्षणभर दारातच थबकला. मग पाऊस बघितला आणि आत गेला.

मी धावत तिच्या मागच्या दाराशी गेले आणि कडी काढायला लावून आत शिरले. ती स्वयंपाकघरात किटली चढवत होती. मी म्हटलं, “बाई गं, तू त्याला ‘ये’ म्हणालीस. आता सगळं घर त्याचं.”

“खोकला ऐकलास का त्याचा?” ती म्हणाली, आणि मग तिचा चेहरा पडला. आपण काय करून बसलो ते तिला त्या क्षणी कळलं. पण तिने चहा केला तो तीन कपांचा, आणि आल्याचा केक कापला तोही जाड.

क्रेगने चहा प्यायला. केक खाल्ला. दुसरा तुकडा घेतला. मग त्याने कप बशीत नीट ठेवला, बशी टेबलावर नीट ठेवली, आणि माणूस नको असलेलं काम करायच्या आधी जसा श्वास घेतो तसा घेतला.

“मिसेस ओल्डरॉइड, तुम्ही मला आत घेतलंत. मला आता लिहावं लागेल. नाही लिहिलं तर माझी नोकरी जाईल.”

“लिही की,” ती म्हणाली. “मी कुठे तुला थांबवतेय?”

त्याने टीव्ही लिहिला. काचेचं कपाट लिहिलं. हॅरल्डला कारखान्यातून निघताना मिळालेलं घड्याळ लिहिलं, तेव्हा मेविस खिडकीबाहेर बघत होती. मला त्या माणसाच्या डोक्यात किटली घालावीशी वाटत होती, आणि त्याचा खोकला ऐकला की वाईटही वाटत होतं. एकाच वेळी दोन्ही वाटणं फार त्रासाचं असतं.

मग तो पुढच्या खोलीत गेला. तिथे खुर्चीवर कॉर्नेटची काळी पेटी होती. त्याने ती उघडली. आत निळं मखमल आणि त्यावर ते झगझगीत पितळ. नॉर्मन ते दर रविवारी पुसतो.

“हे चांगल्या भावात जाईल,” क्रेग म्हणाला, जरा नाइलाजानेच. “हे तुमचं?”

मेविसच्या डोळ्यांत मला सगळा घोटाळा दिसला. माझं आहे म्हणावं, तर ते त्याच्या यादीत जाणार, आणि शुक्रवारी नॉर्मन रिकाम्या हातांनी उभा राहणार. नॉर्मनचं आहे म्हणावं, तर दुसऱ्याची वस्तू म्हणून वाचेल. पण मग त्याच कागदावर लिहिलं जाणार की नॉर्मन गॉकरॉजरचं सामान या घरात असतं. एवढी वर्षं ती जे नाही नाही म्हणून भांडली, ते तिच्याच तोंडून नगरपालिकेच्या हातात. मी मध्ये पडले.

“ते बँडचं आहे,” मी म्हटलं. “सामायिक. बँडचं सगळं सामान इथेच ठेवतात.”

“ग्लेनिस,” मेविस म्हणाली. “माझ्या घरात खोटं बोलू नकोस.”

“अगं पण…”

“ते नॉर्मनचं आहे,” ती क्रेगला म्हणाली. “नॉर्मन गॉकरॉजर. तुझ्या त्या कागदात ज्याचं नाव आहे, तोच.”

क्रेगने पेन थांबवलं. “मिसेस ओल्डरॉइड, नीट विचार करून सांगा. हे मी लिहिलं की नगरपालिका वाचणार. मग ते म्हणतील, बघा, राहतोच इथे.”

“म्हणू देत. कॉर्नेट इथे राहतं. नॉर्मन राहत नाही. खरं तेच लिही, आणि ते जागेवर ठेव. त्याला शुक्रवारी लागणार आहे.”

ती बसली. तिचे हात मांडीवर पडून होते, रिकामे. मेविसचे हात मी भाजलेले बघितलेत, कापलेले बघितलेत, पण रिकामे त्या दिवशीच बघितले. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी क्रेगला म्हटलं, “घे अजून केक, घे, लाज नको वाटून घेऊस.”

तेवढ्यात पुढचं दार वाजलं. तालमीचा दिवस असला की नॉर्मन लवकर येतो. क्रेग दाराजवळ होता, त्यानेच उघडलं.

नॉर्मन पायरीवर उभा, टोपीतून पाणी गळतंय. दारात परका माणूस बघून तो एक पायरी खाली उतरला. “माफ करा,” तो क्रेगच्या बुटांना म्हणाला. “बाईंना वेळ नसेल तर मी नंतर येतो.”

“तुम्ही मिस्टर गॉकरॉजर?”

“हो.”

“किल्ली नाही तुमच्याकडे?”

“कशाची?”

“या घराची.”

नॉर्मनला प्रश्नच कळला नाही. “माझं घर वर आहे,” तो म्हणाला. “चर्चच्या मागे. त्याची आहे.”

“ये आत, नॉर्मन,” मेविस आतून म्हणाली, तेव्हा कुठे त्याने उंबरा ओलांडला. टोपी हातात घेतली, बूट पुसले, आणि पाहुणा उभा राहतो तसा दाराजवळ उभा राहिला. एवढी वर्षं रोज येणारा माणूस.

क्रेगने त्याला आपण कोण आणि कशासाठी आलो ते सांगितलं. नॉर्मनने ऐकून घेतलं. कॉर्नेटच्या उघड्या पेटीकडे बघितलं, मग मेविसकडे.

क्रेग म्हणाला, “एक विचारू? हे माझं काम नाही, पण विचारतो. रोज येता, रोज जेवता, इतकी वर्षं. राहायला का नाही आलात?”

मी म्हणाले, “त्याला मोकळीक लागते.”

“नाही,” नॉर्मन म्हणाला.

आम्ही सगळे त्याच्याकडे बघायला लागलो. त्याने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“मी आलो असतो तर ते म्हणाले असते, बघा, आम्ही म्हणतच होतो. ही खोटी ठरली असती. मी कसा येणार?” मग म्हणाला, “तिचा निकाल लागला की विचारू, असं ठरवलं होतं. पण निकाल लागेचना.”

मेविस हे पहिल्यांदा ऐकत होती. मीही. तो भिंतीपलीकडे वाजवायचा आणि मला वाटायचं, किती सुखी माणूस आहे हा, जेवतो, वाजवतो, घरी जातो. आणि हा रोज तो चढ चढत होता, का, तर हिचा शब्द खरा राहावा म्हणून. ही इकडे त्याला मोकळीक देत होती. दोन शहाणी माणसं, आणि मधे एक बिल. मला दोघांनाही धरून हलवावंसं वाटलं.

आता त्या बिलाचं काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण त्यात ऐकण्यासारखं फारसं नाही. टीव्ही, कपाट आणि घड्याळाच्या यादीवर मेविसची सही घेऊन सामान उचलायचा दिवस ठरवायचा होता, तो क्रेगने ठरवलाच नाही. त्याने प्रकरण नगरपालिकेकडे परत पाठवलं आणि सोबत जे पाहिलं ते लिहिलं. माणूस दार वाजवून आला, त्याच्याकडे किल्ली नाही, बाईंनी स्वतःच्या तोट्याचं असूनही खरं सांगितलं. आणि त्यानंतर त्याच्यासमोर जे घडलं तेही लिहिलं, कारण त्याच्या म्हणण्याप्रमाणे तसं त्याने सबंध नोकरीत कधी बघितलं नव्हतं. उन्हाळा संपता संपता नगरपालिकेचं दोन ओळींचं पत्र आलं की बिल रद्द केलं आहे. माफी वगैरे काही नाही. मेविस जरा हिरमुसली. तिला आणखी भांडायचं होतं, मला वाटतं. आणि स्पर्धेच्या त्या शुक्रवारी आमच्या बँडचा नंबर तिसरा आला. परीक्षकाने कॉर्नेटबद्दल चांगले शब्द लिहिले होते, ते नॉर्मनने कोणाला दाखवले नाहीत, म्हणून मी सगळ्यांना सांगितले.

पण मला सांगायचंय ते त्या बुधवारचं.

नॉर्मनचं बोलून झालं. मेविस उठली. सरळ टेलिफोनकडे गेली. नगरपालिकेचा नंबर तिला पाठ होता, एवढ्या वर्षांत तेवढी कमाई झाली होती. तिने नंबर फिरवला आणि ते वाट बघायला लावणारं संगीत सुरू झालं. ते ऐकत ती उभी राहिली, पाठ ताठ. आम्ही तिघं तिच्याकडे बघत होतो. क्रेग तर केक हातात धरूनच राहिला होता.

“काय करतेस?” मी विचारलं.

“गप्प बस जरा.”

पलीकडे एक मुलगी आली. आवाज तरुण होता आणि मोठा होता, खोलीत ऐकू येत होता.

“मेविस ओल्डरॉइड बोलतेय,” मेविस म्हणाली आणि पत्ता सांगितला. “माझ्या घरपट्टीत बदल करायचाय, बाळ. आजपासून या घरात दोन मोठी माणसं राहतात.”

“मेविस,” नॉर्मन म्हणाला. तिने हात वर करून त्याला थांबवलं.

मुलीने काहीतरी टाइप केलं. मग तिचा आवाज बदलला. “मिसेस ओल्डरॉइड, तुमच्या नावावर इथे एक जुना वाद दिसतोय. दुसरी व्यक्ती राहते की नाही यावरूनच. म्हणजे तुम्ही आता ते मान्य करताय का?”

“मान्य बिन्य काही नाही. काल राहत नव्हता. त्याच्या आधीही नव्हता. त्या जुन्या बिलावर मी मरेपर्यंत भांडेन. पण आजपासून राहतो. तू आजची तारीख घाल.”

“पण मॅडम, तुम्ही हे आत्ता सांगितलंत तर तुमच्या वादाला… म्हणजे, तुम्ही थांबलात तर बरं.”

“पुष्कळ थांबले,” मेविस म्हणाली. “तू लिही.”

माझ्या शेजारी क्रेगने नाक ओढलं. खोकल्यामुळे असेल. मी त्याला रुमाल दिला.

“बरं,” मुलगी म्हणाली. “दुसऱ्या व्यक्तीचं नाव?”

“नॉर्मन गॉकरॉजर.”

“आणि तुमचं त्यांच्याशी नातं?”

इथे मात्र मेविस अडली. एवढ्या वर्षांत त्या दोघांना ही गरजच पडली नव्हती. गल्लीत सगळे ‘मेविस आणि नॉर्मन’ म्हणायचे, आणि कळायचं. तिने फोनवर हात ठेवला आणि वळली.

“विचारतेय, तू माझा कोण म्हणून.”

नॉर्मन लाल झाला, कानांपर्यंत. “भाडेकरू सांग,” तो म्हणाला. “तुला अडचण नको.”

“भाडं देणार आहेस?”

“देईन की.”

“हॅलो, मॅडम?” मुलगी म्हणाली. “ऐकू येतंय का? नातं?”

मेविसने त्याच्याकडे बघितलं. शाळेतल्या पोरांकडे बघायची तसं, एकदाच. आणि माझ्या जन्मात पहिल्यांदा मी बघितलं की नॉर्मन कोणाच्या बुटांकडे बघत नव्हता. तो सरळ तिच्याकडे बघत होता.

“भाडेकरू नाही,” तो म्हणाला.

मेविसने फोन पुन्हा तोंडाशी धरला.

“नवरा लिही, बाळ,” ती म्हणाली. “अजून झाला नाही, पण मी खोटं बोलत नाही. तारीख ठरली की कळवते.”